प्लॅन वाढवायच्या आधी तार लावून बघा

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात हल्ली दोन-चार दिवसांआड ब्रॉडबँडची मोठी जाहिरात असते, १०० एमबीपीएस, ३०० एमबीपीएस, आता तर एक गिगाबिट पण, आणि आतल्या पानावर वाचकांच्या पत्रात कुणीतरी लिहिलेलं असतं की नेट रडतंय, मुलाचा क्लास मधेच तुटतो, कंपनीला फोन केला तर राउटर बंद करून चालू करा म्हणतात. म्हटलं आपणही लिहावं. मी टेलिफोन खात्यात नोकरी केली, तांब्याच्या तारा झाल्या, मग त्याच तारेवरून चालणारं ब्रॉडबँड म्हणजे एडीएसएल आलं, शेवटी काचेतून प्रकाश नेणारं फायबर, आता रिटायर होऊन डोंबिवलीत असतो आणि बिल्डिंगमध्ये कुणाचं नेट बिघडलं की लोक कस्टमर केअरच्या आधी माझी बेल वाजवतात. बायको म्हणते फी लावा.

तर जे दिसतं ते सांगतो. स्पीड कमी येतोय हे सगळे सांगतात, पण नक्की कुठल्या टप्प्यात कमी होतोय हे ना ग्राहक शोधतो ना कंपनीचा माणूस. आणि ते न शोधताच लोक प्लॅन वाढवतात, नवीन महागडा राउटर आणतात, कंपनी बदलतात, पैसे जातात आणि महिन्याभराने पुन्हा तेच. घरातल्या नेटचे ढोबळ तीन टप्पे धरा. मोबाईल किंवा लॅपटॉपपासून राउटरपर्यंत पहिला, तो आपल्या घरातला. राउटरपासून रस्त्यावरच्या पेटीतून कंपनीच्या एक्स्चेंजपर्यंत दुसरा, तो केबलवाल्याचा. आणि एक्स्चेंजपासून पुढे मुंबई, चेन्नई, समुद्र ओलांडून अख्खं जग हा तिसरा. तिन्हीकडची दुखणी वेगळी, औषधं वेगळी.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकतो कारण निम्म्या तक्रारी त्याच असतात. प्लॅनवर लिहिलेलं असतं ते मेगाबिट आणि कॉम्प्युटर फाइल उतरवताना दाखवतो ते मेगाबाइट. आठ बिटचा एक बाइट. म्हणजे १०० चा प्लॅन असेल तर डाउनलोडच्या खिडकीत जास्तीत जास्त साडेबारा दिसणार, प्रत्यक्षात ११-१२. आमच्याकडे एक कॉलेजचा मुलगा रागारागाने आला होता, काका १०० चे पैसे घेतात आणि ११ देतात म्हणून, त्याला गणित करून दाखवलं की ५० जीबीचा गेम १०० च्या लाईनवर पूर्ण स्पीडने उतरला तरी तासापेक्षा जास्त लागतो, तेव्हा गप्प बसला. लगेच म्हणाला मग ३०० चा घेऊया. घे म्हटलं, तुझ्या बाबांना विचारून.

आता खरी गोष्ट. नेट स्लो वाटलं की पहिल्यांदा वायफाय विसरा, लॅपटॉप राउटरच्या शेजारी न्या आणि लॅनची वायर लावून स्पीड मोजा. हे इतकं साधं काम कुणी करत नाही कारण नवीन लॅपटॉपला लॅनचं भोकच नसतं आणि घरात वायर नसते, पण ती वायर दोनशे रुपयांत मिळते आणि लॅनचा यूएसबी अडॅप्टर शेजाऱ्याकडून मागता येतो. घेताना गिगाबिटचा आहे ना ते बघा. वायरवर पूर्ण स्पीड येतोय आणि वायफायवर येत नाही म्हणजे दुखणं तुमच्या घरात आहे, कंपनी बदलून काही होणार नाही. वायरवरही कमी येतोय तर मग खुशाल भांडा, आता तुमच्या हातात पुरावा आहे.

वायर लावल्यावर एक आकडा मात्र लक्षात ठेवा, ९४. प्लॅन १०० पेक्षा मोठा असूनही वायरवर स्पीड बरोब्बर ९४-९५ ला जाऊन थांबत असेल, रोज, कधीही मोजा, तर तिथे काहीतरी १०० च्या पोर्टवर अडकलंय. आमच्या खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाने १०० वरून ३०० चा प्लॅन घेतला, मुलगी घरून काम करते म्हणून, आणि स्पीड जिथे होता तिथेच. फोनवर फोन केले. कंपनीचा पोरगा आला, त्याने स्वतःच्या मोबाईलवर टेस्ट केली, लाईन ओके आहे म्हणाला आणि तक्रार बंद. मी खाली जाऊन बघितलं तर कंपनीनेच दिलेल्या फायबरच्या डब्यातून राउटरला जी छोटी वायर जात होती तिच्या टोकाला आठपैकी चारच तारा क्रिंप केलेल्या, म्हणजे पकडीने दाबून कनेक्टरमध्ये बसवलेल्या. आता चार तारांवर १०० चं काम व्यवस्थित चालतं, गिगाबिटला आठही लागतात, त्यामुळे जुन्या प्लॅनमध्ये हे कधी कळलंच नाही आणि नव्या प्लॅनचे ज्यादा पैसे महिनोन्‌महिने फुकट गेले. वायर बदलली, काम झालं. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड लिहिलेला असतो, १००/१०० की १०००/१०००, तो बघायला दहा सेकंद लागतात. पण त्यासाठी लॅपटॉप लागतो, आणि कंपन्या ज्या पोरांना पाठवतात त्यांना बॅगेत एक स्वस्त मोबाईल आणि पक्कड एवढंच देतात, वर दिवसाला अमुक इतक्या तक्रारी बंद करायचं टार्गेट. त्या पोराला मी दोष देणार नाही.

वायफायचं सांगायचं तर आपल्याकडे राउटर कुठे बसवतात ते बघा एकदा. फायबर दाराच्या वरून आत येतं म्हणून राउटर दारापाशी, चपलांच्या कपाटावर, नाहीतर माळ्यावर, नाहीतर टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटून, शोभेला बरं दिसत नाही म्हणून. आणि मग आतल्या बेडरूममध्ये रेंज नाही. मधे आरसीसीचा कॉलम, लोखंडी कपाट, फ्रीज, कुणाकडे फिश टँक, हे सगळं सिग्नल खातं, पाणी आणि धातू तर सगळ्यात जास्त. राउटर शक्यतो घराच्या मधोमध, उघड्यावर, उंचावर ठेवायचा. फायबर चार मीटर वाढवून देतात मागितलं तर, आपण मागतच नाही.

राउटर दोन बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर, बोलतो. २.४ गिगाहर्ट्झचा लांब जातो पण हळू असतो, ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असतो पण दोन भिंतींपलीकडे गळतो. (नावापुढे ५जी लिहिलेलं दिसतं म्हणून लोकांना वाटतं मोबाईलचं फाइव्ह जी घरात आलं, तसं काही नसतं, तो बँडचा आकडा आहे.) २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आता डोंबिवलीत आमच्या हॉलमध्ये उभं राहून वायफायची लिस्ट उघडली तर खाली बघावं तेवढी नावं येतात, समोरच्या बिल्डिंगची, बाजूच्या विंगची, खालच्या मेडिकलवाल्याची, ते सगळे त्याच तीन चॅनलवर कोंबलेले, वर मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा त्याच २.४ च्या आसपास चालतो त्यामुळे दूध गरम करायला ठेवलं की व्हिडिओ गोल गोल फिरतो. लोकांना ही थट्टा वाटते, करून बघा. म्हणून राउटरजवळ असाल तर ५ चा बँड पकडा. दोन्ही बँडला एकच नाव दिलेलं असेल तर मोबाईल स्वतःच्या मर्जीने २.४ वर बसून राहतो, नावं वेगळी केली की कळतं तरी कुठे आहोत.

अजून एक म्हणजे रिपीटर. ऑनलाइन हजार-बाराशेला मिळतो, भिंतीच्या सॉकेटला लावायचा, रेंजच्या दांड्या फुल्ल दिसतात आणि माणूस खूश. पण साधा रिपीटर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर परत बोलतो, त्यामुळे स्पीड निम्म्यावर येतो, आणि तो लावलेला असतो कुठे तर बेडरूममध्ये जिथे मुळात सिग्नल आधीच मेलेला आहे. त्यापेक्षा हॉलमधून बेडरूमपर्यंत एक लॅनची वायर पट्टीतून ओढा आणि तिथे जुना राउटर ॲक्सेस पॉइंट करून, म्हणजे फक्त वायफाय पसरवायला, लावा. दिसायला थोडं वाईट, चालायला उत्तम. नवीन घर घेणाऱ्यांनी तर बिल्डरकडून प्रत्येक खोलीत लॅनचा पॉइंट मागून घ्यावा, टीव्हीचा पॉइंट मागतो तसा, फॉल्स सीलिंगवर लाखभर घालवतो माणूस आणि हजार रुपयांची पाइपलाइन विसरतो.

ज्यांना वायर लावणं जमत नाही त्यांच्यासाठी एक छोटी युक्ती. कॉम्प्युटरवर कमांडची काळी खिडकी उघडून आपल्याच राउटरला पिंग करायचं, म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघायचं, बहुतेक राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो, नाहीतर राउटरच्या खाली चिकटवलेला असतो. उत्तर दर वेळी दोन-चार मिलिसेकंदात येत असेल तर वायफाय ठीक आहे. ते कधी ३, कधी ८०, कधी ३००, मधेच टाइम आउट असं नाचत असेल तर अजून घराबाहेर पडायचंच नाही, बिघाड त्या चार भिंतीत आहे. राउटर तासातासाला आपोआप बंद-चालू होत असेल तर त्याचा बारा व्होल्टचा अडॅप्टर बदलून बघा, उन्हाळ्यात ते मरतात.

आता दुसरा टप्पा, फायबर. तांब्याच्या जमान्यात गणित सरळ होतं, एक्स्चेंजपासून जितके लांब तितका स्पीड कमी, चार-पाच किलोमीटरवरच्या गिऱ्हाइकाला एडीएसएल देताना आम्हीच हात जोडायचो, आणि पहिल्या पावसात जॉइंटमध्ये पाणी गेलं की अर्धा एरिया बंद. फायबरला पाण्याची तशी भीती नाही, वीस किलोमीटरपर्यंत काही फरक पडत नाही, पण त्याला वाकणं सोसत नाही. कपाट सरकवलं आणि मागे फायबर चिमटली, खिडकीच्या सरकत्या काचेत दाबली गेली, कुणी खिळा मारून त्यावर गुंडाळली, की प्रकाश गळायला लागतो. कंपनीच्या डब्याच्या पेजवर आरएक्स पॉवर म्हणून एक आकडा असतो, म्हणजे घरी पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, उणे डीबीएममध्ये. उणे १५ ते उणे २४-२५ असेल तर निवांत झोपा. उणे २७ च्या पुढे गेला की एरर वाढतात, लाईन तुटते-जुळते, कधी चालतं कधी नाही असा प्रकार सुरू होतो. आणि इथे ३ चा फरक म्हणजे किरकोळ समजू नका, ३ डीबी कमी म्हणजे प्रकाश निम्मा झाला. तक्रार करताना नुसतं नेट स्लो आहे म्हणण्यापेक्षा पॉवर उणे २९ दाखवतंय असं सांगा, समोरचा माणूस सावरून बसतो, हा माझा अनुभव आहे.

आमच्याकडे तारा कशा जातात ते डोंबिवलीकरांना सांगायला नको. या गच्चीवरून त्या गच्चीवर, मधे नारळाचं झाड, महावितरणचा खांब, कुठे कपडे वाळत घातलेले. पावसाळ्याच्या आधी झाडं छाटली की तारा छाटल्या जातात, गणपतीचा मंडप उभारताना कुणीतरी बांबूने ओढतो, रस्ता खोदणं तर बाराही महिने. मग केबलवाला येतो आणि मशीनने स्प्लाइसिंग करण्याऐवजी, म्हणजे तारेची टोकं वितळवून जोडण्याऐवजी, घाईत हाताने बसवायचा कनेक्टर लावून जातो, दोन महिन्यांनी परत तुटलं की परत एक. एकाच तारेत असे चार-पाच जॉइंट झाले की प्रकाश राहतो कुठे? जॉइंट मोजून तार बदलून मागायचा हक्क आहे आपला, मागा.

पण ज्याने माणूस खरा वैतागतो तो प्रकार वेगळाच, सकाळी सात वाजता १०० फुल्ल, दुपारी ९०, आणि रात्री नऊ ते अकरा १५-२०. वायरवर. राउटर नवीन, पॉवर उत्तम, वायर उत्तम, तरी रात्री रांगतंय. इथे तुमच्या घरात काहीही शोधू नका. फायबरची लाईन तुमच्या एकट्याची नसते, जीपॉन नावाच्या पद्धतीत एक्स्चेंजच्या एका पोर्टचा प्रकाश स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटतात आणि सगळ्यांना मिळून खाली यायला अडीच गिगाबिटच्या जवळपास जागा असते. ६४ घरांना प्रत्येकी १०० विकले तर बेरीज ६४०० होते. यात फसवणूक नाही, सगळे एका क्षणी पूर्ण वापरत नाहीत यावर जगभरातला धंदा चालतो आणि १०० च्या प्लॅनला हे पुरतंही. गोची पुढे असते. त्या एक्स्चेंजमधून बाहेर जाणारी लाईन केवढी घेतलीय ते कुणालाच कळत नाही. गिऱ्हाइकं वाढत जातात, प्लॅन ५० चे १००, १०० चे २०० असे कागदावर फुकट वाढवून दिले जातात, आणि मागची लाईन तीच. कुंभमेळ्याच्या दिवशी स्टेशनच्या एका पुलावरून सगळ्यांना सोडल्यासारखं. क्रिकेटची मॅच असली की आमच्या बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना एकदम कळतं, विकेट आधी समोरच्या विंगमध्ये पडते, मग आमच्याकडे.

अशा वेळी २०० चा प्लॅन घेणं म्हणजे निव्वळ देणगी. ज्या लाईनवर रात्री २० मिळतात तिथे २०० घेतले तरी २०-२५ च मिळणार. म्हणून सांगतो, वायरवर सकाळी एकदा आणि रात्री दहाला एकदा मोजा, आठवडाभर, स्क्रीनशॉट ठेवा. आमच्या सोसायटीत आम्ही वॉचमनच्या टेबलाजवळ एक कागद लावला, फ्लॅट, तारीख, वेळ, वायरवर की वायफायवर आणि आकडा, एवढेच रकाने. एकट्याने तक्रार केली की तुमच्या घरात प्रॉब्लेम आहे म्हणतात. एकाच कंपनीच्या सगळ्या फ्लॅटचे रात्रीचे आकडे एका कागदावर बसलेले दाखवल्यावर तो सूर बदलला आणि काही आठवड्यांत रात्रीचा स्पीड सुधारला पण. मागे काय केलं ते सांगितलं नाही. कधीच सांगत नाहीत.

यात स्पीड टेस्टची एक गंमत आहे ती वाचकांना माहीत असावी. ते ॲप आपोआप जवळचा सर्व्हर निवडतं आणि तो बरेचदा तुमच्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये असतो. म्हणजे तुम्ही घरापासून कंपनीच्या दारापर्यंतचा रस्ता मोजला, दाराबाहेरचा मोजलाच नाही. मग टेस्ट ९८ दाखवते आणि ऑफिसची फाइल उतरत नाही. कंपनीचा माणूस तोच ९८ दाखवून निघून जातो. टेस्टमध्ये सर्व्हर बदलता येतो, दुसऱ्या कंपनीचा निवडा, चेन्नईचा घ्या, सिंगापूरचा घ्या, मग बघा. नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम नावाची टेस्ट आहे ती त्यांच्या सर्व्हरवरून मोजते, पण त्यांच्याही पेट्या मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कमध्येच बसवलेल्या असतात, यूट्यूबच्याही असतात. त्यामुळे यूट्यूब मस्त चालतंय आणि बाकीचं रडतंय असं असेल तर अडचण तिसऱ्या टप्प्यात आहे हे जवळजवळ नक्की.

तिसऱ्या टप्प्यात कधी कधी कंपनीच्याही हातात काही नसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा भारतासह बऱ्याच देशांत नेट मंदावलं, २००८ च्या जानेवारीअखेर अलेक्झांड्रियाजवळ तुटल्या होत्या तेव्हाही तसंच, तेव्हा मी नोकरीत होतो आणि लोक आम्हाला शिव्या घालत होते. अशा वेळी युरोपातला सर्व्हर हळू होतो आणि मुंबईतला चालतो. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी व्हिडिओ कॉल अडकला म्हणून लगेच राउटर आपटू नये.

अपलोडकडे कुणी बघत नाही तेही लिहितो. जिन्यात आणि दारावर कॅमेरे लावायची साथ आलीय, ते चोवीस तास क्लाउडवर व्हिडिओ चढवत बसतात, त्यात लग्नाहून आल्यावर घरातले चार मोबाईल एकदम फोटोंचा बॅकअप घ्यायला लागतात. चढायची वाट भरली की उतरणंही मंदावतं, कारण उतरलेल्या प्रत्येक तुकड्याची पोच वर पाठवावी लागते आणि ती पोचच रांगेत अडकते. बॅकअप रात्री दोनला लावा, मीटिंग सुरळीत होईल. आणि अनलिमिटेड प्लॅनची बारीक अक्षरं वाचा, बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, साध्या घराला ती पुरून उरते, पण १०० च्या लाईनवर सलग पूर्ण स्पीडने उतरवत राहिलात तर ७३-७४ तासांत संपते. त्यानंतर स्पीड पाडतात, ट्राय म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०१६ च्या आदेशात किमान ५१२ केबीपीएस, म्हणजे साधारण अर्धा एमबीपीएस, तरी द्यायचे असं होतं, पण तेवढ्यात हल्ली व्हॉट्सॲपचा फोटो पण कुथत येतो.

आता कायद्याचं. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस होतं, २०१३ मध्ये ५१२ झालं, आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस केलं. वाचलंत ना, दोन. म्हणजे १०० चे पैसे घेऊन रात्री १५ दिले तरी ते कायद्याच्या व्याख्येने ब्रॉडबँडच. ट्रायच्या २००६ च्या नियमांत विकलेल्या स्पीडच्या ८० टक्क्यांहून जास्त मिळायला हवा असं होतं, पण तेही कंपनीच्या नोडपासून, म्हणजे तिच्या जवळच्या केंद्रापासून, ग्राहकापर्यंत, तिथून पुढचं वेगळ्या रकान्यात. ऑक्टोबर २०२४ पासून सेवेच्या दर्जाचे नवे नियम लागू झालेत. पण रात्री दहाला माझ्या घरी वायरवर किती मिळेल हे माझ्या बिलावर आजही कुठे छापलेलं नाही. विजेच्या मीटरवर युनिट दिसतं, गॅसच्या सिलेंडरवर वजन असतं, वजन करूनही देतात मागितलं तर, इथे मात्र पैसे फुल्ल आणि माप कंपनीच्या मोबाईलवर.

तक्रार कुठे करायची हे बहुतेकांना माहीत नसतं म्हणून जरा लांबतोय, माफ करा. ट्राय एकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे मेल करून वेळ घालवू नका. आधी कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार आणि तिचा डॉकेट नंबर म्हणजे तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा, नंबर दिल्याशिवाय फोन ठेवू नका. समाधान झालं नाही तर २०१२ च्या नियमानुसार प्रत्येक कंपनीला अपील अधिकारी ठेवावा लागतो, तिथे अपील करायचं, फी नाही, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. नव्वद टक्के लोक, मी अंदाजानेच म्हणतोय, या पायरीपर्यंत येतच नाहीत आणि कंपन्यांना ते सोयीचं आहे, वेबसाइटवर अपीलचं पान शोधून दाखवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे. आणि त्याही पुढे ग्राहक आयोग. पूर्वी कंपन्या सांगायच्या की टेलिफोनच्या भांडणात ग्राहक मंच येत नाही, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की ग्राहक तिथे जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, ऑनलाइन दाखल करता येतं. तिथे तो वॉचमनच्या टेबलावरचा कागद कामाला येतो.

संपादक साहेब, कंपन्यांचे अधिकारी तुमच्याकडे मुलाखतीला येतात, नवीन प्लॅनच्या प्रेस नोट पाठवतात. पुढच्या वेळी त्यांना माझ्यातर्फे दोन गोष्टी विचाराल का. एक, तक्रार बंद करताना ग्राहकाला जो मेसेज येतो त्यात वायरवरचा स्पीड, मोजल्याची वेळ, सर्व्हर कुठला आणि आरएक्स पॉवर किती हे चार आकडे का देत नाही? माहिती तर सगळी त्यांच्या सिस्टिममध्ये असतेच. दोन, रात्री आठ ते अकरा या वेळेत त्या त्या एरियात सरासरी किती स्पीड मिळतो हे वेबसाइटवर का टाकत नाही? उत्तर मिळालं तर छापा, नाही मिळालं तर नाही मिळालं असं छापा, जाहिरातीच्या शेजारी जागा असेल तर उत्तमच.

आणि कुणाला क्रिंपिंग शिकायचं असेल तर रविवारी सकाळी अकरानंतर खाली क्लब हाऊसमध्ये असतो, पक्कड माझ्याकडे आहे, कनेक्टर मात्र आपापले आणा.

आपला,
टेलिफोन खात्यातला एक निवृत्त कर्मचारी,
डोंबिवली पूर्व